थंडीतले सायकलिंग ग्लोव्हज: पैसे वसूल
जानेवारीत नागपूरचा पहाटेचा पारा 10 अंशांवर आला, की ताशी 30 किमी वेगाने सायकल चालवताना वाऱ्यामुळे तीच हवा साडेसहा-सात अंशांसारखी झोंबते. आधी बधिर होतात ती बोटं. सीताबर्डीत घेतलेल्या या विंडप्रूफ ग्लोव्हजनी तो त्रास संपवला. सेमिनरी हिल्सवरून फुटाळ्याकडे उतरताना ब्रेकचा लिव्हर बोटांना नीट जाणवतो, माझ्यासाठी हेच सगळ्यात मोलाचं. लोकरीच्या जाड हातमोज्यांत ते होतच नाही. अंगठ्यावर टॉवेलसारखं मऊ कापड आहे, खास नाक पुसायला. किती विचार केलाय बनवणाऱ्याने! तळहाताची शिवण मात्र कच्ची, धागे निघू लागलेत. घट्ट साइज घेऊ नका, रक्त खेळतं राहिलं तरच बोटं गरम राहतात.