साडेसात महिने, एक सँडल आणि बरणीभर खडे

गेल्या गुरुवारी शाळेचा जिना उतरताना उजव्या पायाखालून ‘चप्प’ असा आवाज आला. घाईत दुर्लक्ष केलं. खाली पोचेपर्यंत तो ‘चप्प-चप्प’ झाला. वाकून बघते तर टाचेकडचा रबरी तळ जीभ बाहेर काढून लोंबतोय. दोन पूर्ण तास तशीच वर्गात उभी राहिले, पाय फरफटत. त्याच संध्याकाळी हा रिव्ह्यू लिहायला घेतला. खरं तर तो तीन महिन्यांपासून मनात होता, आणि कौतुकाचा होता. आता काय होतोय बघू.

मॉडेलचं नाव लिहीत नाही, कंपनीशी भांडण अजून मिटलेलं नाही. पण वर मेमरी फोमचा थर, मध्ये ईव्हीए नावाचा हलका प्लास्टिक फोम, खाली रबर आणि मागे पट्टा म्हटलं की वापरणाऱ्यांना कळेलच. फोटो सगळ्यांनी पाहिलेत, त्यामुळे रंग-बिंग सांगत बसत नाही.

माझं गणित साधं आहे. मी फिजिक्स शिकवते, दिवसाचे पाच-सहा तास उभी असते, वजन ७१ किलो. सकाळी पहिलं पाऊल टाकताना टाचेत कळ यायची म्हणून हा खर्च केला, नाहीतर एक जोड पूर्ण मरेपर्यंत दुसरा घेणाऱ्यातली मी नाही.

खरेदी करताना मी तेच केलं जे सगळे करतात: आतल्या गादीवर अंगठा दाबला, तो रुतला, खूश झाले. पंधरा दिवसांत कळलं की अंगठ्याने फसवलं. अंगठा दाबतो तो फक्त वरचा मेमरी फोम, जेमतेम ४ मिलिमीटरचा. हा फोम १९६६ साली चार्ल्स योस्ट यांनी नासासाठी विमानाच्या आसनांकरता तयार केला होता, आणि खोक्यावर अंतराळयानाचं चित्र काढायला कंपन्यांना तेवढं पुरतं. पण आसनावर माणूस स्थिर बसतो आणि वजन पसरलेलं असतं. चालताना एक पाऊल जमिनीवर सेकंदभरही नसतं आणि सगळा भार टाचेच्या चिमूटभर जागेवर येतो. हा फोम तर दबल्यावर सावकाश वर येणारा. तो उठून बसेपर्यंत पुढचं पाऊल पडलेलं असतं. पहिल्या महिन्यातच माझ्या टाचेखाली त्याचा पापुद्रा झाला.

तरीही टाचेची कळ गेली. हे मला बराच काळ कोडंच होतं. उत्तर मिळालं ते बहिणीच्या एका सपाट सँडलमुळे. मधला फोम दोन्हीचा सारखाच, पण तिची टाचेची जागा पाटासारखी, माझी वाटीसारखी खोलगट. तिची घालून तासभर उभी राहिले आणि कळ हजर! आपल्या टाचेखाली मुळातच चरबीची गादी असते, सुमारे पावणेदोन ते दोन सेंटिमीटर जाड, छोट्या छोट्या कप्प्यांत भरलेली. सपाट जागेवर भार आला की ती बाजूंना पसरते आणि हाडाखाली पातळ होते. वाटीच्या कडा तिला जागच्या जागी धरून ठेवतात. थोडक्यात, कंपनीने मला विकला फोम आणि उपयोगी पडली माझीच चरबी. चांगलंय, कुठेतरी कामाला आली.

उलट फार मऊ तळव्याचा मला त्रासच होतो. ओल्या वाळूत चालल्यासारखं होतं. घोटा प्रत्येक पावलाला स्वतःला सावरत राहतो आणि संध्याकाळी पोटऱ्या भरून येतात. म्हणून आता दुकानात अंगठा दाबण्याऐवजी मी एका पायावर दहा मिनिटं उभी राहते (विक्रेते बघत राहतात, बघोत), आणि सँडल हातात घेऊन वाकवते. ती चवड्याच्या जागी वाकली तर ठीक. मधोमध, कमानीखाली वाकली तर परत ठेवते.

चौथ्या महिन्यात प्रयोगशाळेतला व्हर्निअर, म्हणजे जबड्यांत धरून बारीक जाडी मोजायची पट्टी, घरी आणला. बहिणीने माझ्यासोबत हाच जोड, याच मापाचा घेतला होता आणि ‘चांगला आहे म्हणून’ कपाटात जपून ठेवला होता. त्यामुळे तुलनेला कोरा जोड आयता मिळाला. व्हर्निअरचे जबडे नुसते टेकवायचे, दाबायचे नाहीत, नाहीतर फोम खोटं बोलतो. कोऱ्या जोडाची टाच २९.२ मिलिमीटर. माझी डावी २६.८, उजवी २६.१, आणि उजवीची बाहेरची कड २५.४. बहुतेकांची टाच आधी बाहेरच्या कडेवरच टेकते, तेव्हा तिथे जास्त दबणार हे ओघाने आलं. कमानीखाली, जिथे भारच येत नाही, तिथे दोन्ही जोड सारखे. ईव्हीए म्हणजे लाखो बंद फुगे. दाबून दाबून त्यांतला वायू हळूहळू बाहेर पडतो, भिंती दुमडतात आणि फुगे कायमचे चपटे होतात. रात्रभर ठेवलं की माझ्या उजवीची जाडी सकाळी ०.४ मिलिमीटरने वाढलेली असायची. तेव्हापासून एक दिवसाआड दुसरी जुनी चप्पल घालते.

म्हणजे चार महिन्यांत साधारण दहावा हिस्सा गेला. वाईट वाटलं, पण कपाट उघडून राग आवरला. तिथे दोन समारंभांपुरता घातलेला पीयूच्या (पॉलियुरेथेन, हाही एक फोमच) तळव्याचा एक जोड होता. पीयू दबायला ईव्हीएपेक्षा चिवट, म्हणून जास्त पैसे मोजून घेतलेला. चार वर्षांनी बाहेर काढला तर तळवा बोटांत भुगा होऊन हातात आला. हवेतली ओल त्याच्या रेणूंच्या साखळ्या तोडत बसते, तुम्ही घाला नाहीतर पूजा करा. ही गोष्ट बहिणीला सांगितली, ती म्हणाली, “ताई, माझा ईव्हीए आहे ना?” आहे. पण तरी घाल गं बाई.

आता मूळ तक्रार. खडे.

तळाच्या रबरावर षटकोनी खळगे आहेत, मधमाश्यांच्या पोळ्यासारखे. दिसायला छान. रुंदी ७ मिलिमीटर, खोली ५. रस्त्याकडेला पडलेल्या बारीक खडीचं माप नेमकं हेच! भार आला की खळग्याचं तोंड उघडतं, खडा आत जातो. पाय उचलला की तोंड मिटतं आणि खडा अडकतो. मग फरशीवर टक्, टक्, टक्. नववीच्या वर्गाला मी व्हरांड्याच्या टोकाशी असतानाच कळतं. एकदा दाराबाहेरून मी स्वतः ऐकलं, “टक् टक् आल्या, बसा रे.”

पहिल्या महिन्यात ४१ खडे निघाले. कंपासपेटीतल्या कर्कटकाच्या टोकाने काढते आणि एका रिकाम्या बरणीत टाकते. नवरा म्हणतो, बरणी भरली की कंपनीला कुरिअर कर. हसण्यावारी नेऊ नका, कारण आवाज हा त्यातला लहान भाग आहे. टाचेखालचा फोम जसा पातळ होत गेला तसा अडकलेला खडा आत टोचायला लागला. सगळी गादी एका बिंदूवर निकामी. इतका विचार वाटीवर केला, फोमवर केला, आणि तळावर नक्षी काढताना हे पाय जमिनीवर पडणार आहेत हे कुणाच्या डोक्यात आलं नाही?

खळगे का देतात ते कळतं. भरीव रबर फोमच्या पाच-सहा पट जड, म्हणून पोकळ ठेवून वजन वाचवायचं. पण मग चारी बाजूंनी बंद खळग्याऐवजी कडेपर्यंत उघडे चर द्या, आणि भिंती तोंडाकडे पसरट ठेवा. खडा आपोआप गळून पडेल. हे मी कंपनीला दोनदा लिहिलं. दोन्ही वेळा ‘तुमचा अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे’ असं एकच उत्तर, स्वल्पविरामासकट.

तळ सुटल्यावर फोन केला. वॉरंटी सहा महिन्यांची, मी साडेसातव्यात. ते एक वेळ मान्य. पण पलीकडची मुलगी म्हणाली, “मॅडम, हे नॉर्मल झिजण्यात येतं.” म्हटलं, झिजणं म्हणजे घासून कमी होणं. हा तळ जेवढाच्या तेवढा आहे, फक्त सुटलाय. चिकटवलेलं सुटलं तर दोष चिकटवणाऱ्याचा. तिने विचारलं, “उन्हात ठेवली होती का?” मी ठणकावून नाही म्हटलं आणि फोन ठेवला.

इथपर्यंत गुरुवारी लिहून ठेवलं होतं. पुढचं रविवारी लिहिते आहे, आणि थोडं खाली बघून.

शनिवारी सँडल चपला शिवणाऱ्या काकांकडे नेली. त्यांनी सुटलेला तळ फोमवर बसवून दाखवला. रबर मागे दोन-तीन मिलिमीटर बाहेर येत होतं. “रबर वाढत नसतं, बाई. वरचं आकसलंय. कुठे तापवली?” मग आठवलं. पावसाचा चिखल धुऊन गच्चीवरच्या पत्र्यावर वाळत घातली होती आणि दुपारभर विसरले होते. घरी येऊन कोऱ्या जोडाशी लांबी ताडली: माझी उजवी ४ मिलिमीटरने आखूड. साच्यातून निघताना ईव्हीए साच्यापेक्षा मोठा फुगतो आणि मग थंड होत मापावर येतो. पुन्हा ताप मिळाला की तो आणखी आकसतो, आणि त्याला पाणी उकळण्याइतकी उष्णता लागत नाही. खालचं रबर आकसत नाही. दोघांच्या ओढाताणीत मधला गोंद हरतो. म्हणजे फोनवरची ती मुलगी बरोबर होती. तिच्याशी चढ्या आवाजात बोलले, त्याचं वाईट वाटतंय. तरी ‘उन्हात वाळवू नका’ हे चित्र खोक्याच्या तळाशी न छापता सँडलवरच उमटवलं असतं तर कुणाचं काही गेलं नसतं.

काकांनी दोन्ही बाजू पॉलिशपेपरने खरवडल्या, सोल्यूशन लावलं आणि चक्क गप्प बसून राहिले. बोटाला चिकटेनासं झाल्यावरच जोडलं, वर हातोडी. बाहेर येणारं रबर कापलं आणि दाभणाने कडेने टाके घातले. आता कारखान्यातल्यापेक्षा घट्ट वाटतेय.

आणि एक अनपेक्षित गोष्ट. उलटी करून पाहिली तेव्हा लक्षात आलं, टाचेखालचे खळगे झिजून दोनेक मिलिमीटरचे राहिलेत. या महिन्यात तिथून एकही खडा निघालेला नाही, जे निघाले ते सगळे चवड्याखालचे. कंपनीला जे सुचलं नाही ते फरशीने घासून घासून केलं.

पाचपैकी साडेतीन. वाटीला पाच, मेमरी फोमला एक, नक्षीला शून्य. सरासरी माझी मी काढली आहे, तपासू नका. पुन्हा हाच घेईन का? बहिणीचा कोरा जोड मागून झालाय, ती देत नाही. तोवर कुणी अशाच खोल वाटीची, पण खाली उघडे चर असलेली सँडल वापरत असेल तर सांगा. आणि शक्य असेल तर तळाचा फोटो टाका, वरचा नको.