रुमाल, रांजण आणि इरॅस्मस : सात महिन्यांनंतर

पहिला महिनाभर वाटत होतं, पैसे पाण्यात गेले. पाचशे वर्षांपूर्वीचा डच विद्वान इरॅस्मस, त्याचं मुलांसाठीचं सचित्र चरित्र म्हणून मागवलं. इंग्रजी आहे, म्हणून रात्री मीच मराठीत सांगते. लेक नऊची, भाचा सातचा. सुरुवात रडकी: रॉटरडॅममध्ये जन्म, प्लेगने आईवडील गेले, पोर मठात. दोघंही तिसऱ्या पानावर झोपायची. जन्मसाल १४६६ असं ठोकून दिलंय. खरं तर १४६६ की १४६९ यावर अभ्यासकांचं एकमत नाही.

मग एकदा मधलंच पान उघडलं. १५३० साली या म्हाताऱ्याने मुलांच्या वागणुकीवर लॅटिनमध्ये एक पुस्तिका लिहिली. शेंबूड बाहीला पुसू नये, रुमाल घ्यावा. तेलकट बोटं चाटू नयेत, अंगरख्याला तर पुसूच नयेत. खुर्चीत सारखं इकडून तिकडे सरकू नये, लोकांना भलताच संशय येतो! भाचा हसून लोळला. पुढचे दोन महिने जेवताना इरॅस्मसच होता. गंमत म्हणजे आजोबांनी ढेकर दिला तेव्हा भाच्याला लेकीनेच गप्प केलं. दुसऱ्याच्या चुकांकडे काणाडोळा करावा, हेही त्याच पुस्तिकेत आहे ना!

म्हणींचं प्रकरण माझं आवडतं. १५०० मध्ये पॅरिसला त्याने ग्रीक-लॅटिन म्हणींचा छोटा संग्रह छापला. आवृत्तीमागून आवृत्ती काढत मरेपर्यंत म्हणी चार हजारांवर नेल्या. आंधळ्यांत तिरळा राजा, ही त्यातलीच. लेक म्हणाली, ‘म्हणजे वासरांत लंगडी गाय शहाणी!’ तेव्हापासून आमची जोड्या लावायची वही सुरू आहे.

ख्रिस्ती धर्मसुधारक ल्यूथरशी वाद दोन पानांत उरकलाय, मुलांना काही कळत नाही. इरॅस्मसने १५१६ मध्ये बायबलचा ‘नवा करार’ मूळ ग्रीकमध्ये छापून आणला, त्यालाही एकच परिच्छेद. परदेशी शिकायला जाणाऱ्यांसाठीच्या युरोपीय शिष्यवृत्तीला त्याचं नाव का दिलं, हे मलाच सांगावं लागलं: पॅरिस, केंब्रिज, व्हेनिस, बाझेल, माणूस एका गावी टिकलाच नाही.

बांधणी चौथ्या महिन्यात सुटली, चिकटपट्टी लावलीय. छपाई मात्र छान.

एक तक्रार प्रकाशकांना कळवलीच आहे. जगातली सगळी संकटं बाहेर सोडणाऱ्या कथेतल्या पँडोराच्या हाती मोठी सोनेरी पेटी रंगवलीय. मूळ ग्रीक कथेत तो रांजण होता, पेटी झाली ती इरॅस्मसच्या लॅटिनमधल्या गफलतीने. त्याच्याच चरित्रात हे नसावं? लेकीने त्या चित्रावर स्वतः काढलेला रांजण चिकटवलाय.