जुना कॅमेरा म्हणजे लग्नातला कॅमेरा: नव्या, जुन्या आणि रिफर्बिश्ड मालाची पारख

खानदेशात विकायला निघालेला जुना कॅमेरा बहुतेक वेळा लग्नाच्या ऑर्डरी करून आलेला असतो. हे धरून चाललं की काय तपासायचं, भाव किती पाडायचा आणि सरळ नवा कधी घ्यायचा, हे ठरवणं सोपं जातं. विकणारा सांगतो, ‘भाऊ, एकाच हातना शे, घरगुती वापर.’ हात एकच असेलही. पण त्या हाताने तुळशीच्या लग्नापासून ज्येष्ठापर्यंत किती मांडव पाहिले, ते बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) स्वतः सांगते.

आधी आकडेमोड. हळद, लग्न, वरात धरून एका ऑर्डरीत दीड-दोन हजार फ्रेम सहज पडतात. वर्षाला चाळीस ऑर्डरी म्हणजे साठ ते ऐंशी हजार. निकॉन डी७५०, कॅनन ५डी मार्क ३ आणि मार्क ४ यांचं शटर (फोटो काढताना उघड-मिट होणारा पडदा) कंपनीने दीड लाख फोटोंच्या हिशेबाने दिलंय. कॅनन ६डीचं एक लाख, निकॉन डी८५० आणि सोनी ए७ मार्क ३ यांचं दोन लाख. चालत्या स्टुडिओतली डी७५० दोन-अडीच सिझनमध्ये हा आकडा गाठते. आकडा गाठला की शटर त्याच दिवशी बसत नाही, काही बॉड्या त्याच्या दुप्पटही ओढतात. पण भाव करताना शटर बदलायचा खर्च आधीच वजा धरावा.

काउंट, म्हणजे शटर किती वेळा चाललं तो आकडा, बघायचा कसा? निकॉनमध्ये तो फोटोच्या फाइलमध्येच लिहिलेला असतो. विकणाऱ्याला त्याच दिवशी काढलेला एक जेपेग मागा, पण व्हॉट्सअॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून. साधा फोटो म्हणून पाठवला की व्हॉट्सअॅप फाइल दाबतं आणि आतली माहिती उडते. कॅननच्या बहुतेक डीएसएलआरचा (आत आरसा असलेल्या कॅमेऱ्याचा) काउंट फोटोत नसतो. केबलने लॅपटॉपला जोडून सॉफ्टवेअरने वाचावा लागतो. लॅपटॉप नाही म्हणून विकणारा टाळत असेल, तर तुमचा घेऊन जा. आणि काउंट कमी दिसला म्हणून हुरळू नका. व्हिडिओ त्यात मोजला जात नाही, मिररलेसवर (आरसा नसलेल्या कॅमेऱ्यावर) इलेक्ट्रॉनिक शटरने काढलेले फोटोही काही मॉडेलांत त्यात धरले जात नाहीत. वीस हजार काउंटची ए७ मार्क ३ दोन वर्षं गिंबलवर (कॅमेरा हलू न देणाऱ्या दांड्यावर) बसून रोज सहा तास व्हिडिओ करत असू शकते. अशी बॉडी एचडीएमआयच्या खाचेवरून ओळखू येते: केबल लावून हलकी हलवली की चित्र जातं-येतं. तळाला ट्रायपॉड प्लेटचे गोल ओरखडे, हॉट शूचा (वरच्या फ्लॅशच्या खाचेचा) उडालेला काळा रंग, ढिली पडलेली स्क्रीनची बिजागरी, ही त्याच वापराची खूण.

आता हळद. कानात घालायची कापसाची काडी घ्या, किंचित ओली करा आणि मोड डायलच्या कडेने फिरवा. मग ग्रिपचं रबर जिथे बॉडीला भिडतं तिथे, आणि लेन्सच्या झूम रिंगच्या रबराखाली. काडी पिवळी आली तर हळदीच्या कार्यक्रमात कॅमेरा अगदी जवळ होता. गुलाबी आली तर गुलाल. नुसती हळद बाहेर असेल तर बिघाड नाही, पुसून निघते. पण झूम करताना नळी बाहेर येणारी लेन्स (२४-१०५, १८-१३५ वगैरे) प्रत्येक वेळी हवा आत ओढते, आणि तिच्याबरोबर पूडही. अशा लेन्सच्या पुढच्या काचेमागे पिवळट कण दिसले तर ती खोलून साफ करावी लागेल, तो खर्च तुमचा. काळ्या मातीची धूळ त्याहून वाईट. ती बारीक असते, ग्रीसमध्ये कालवली जाते आणि झूम रिंग फिरवताना वाळूसारखी कचकच जाणवते.

वरातीतल्या डीजेच्या लेझरने सेन्सर (चित्र टिपणारी आतली पट्टी) कायमचा जळतो, हे अजून पुष्कळांना माहीत नाही. किरण थेट लेन्समध्ये घुसला की त्या जागचे पिक्सेल मरतात. फोटोत एक रंगीत ठिपका किंवा कडेपासून कडेपर्यंत जाणारी आडवी-उभी रेघ कायमची राहते. साफसफाईने जात नाही. सेन्सर बदलणं हाच उपाय, आणि त्या पैशांत दुसरी जुनी बॉडी येते. तपासायला लेन्सला झाकण लावा, आयएसओ १६०० ठेवून दहा सेकंदांचं एक्सपोजर द्या आणि फोटो पूर्ण मोठा करून सगळीकडे फिरा. इकडेतिकडे दोन-चार चमकते ठिपके सगळ्याच सेन्सरवर असतात. एका जागी गुच्छ किंवा सरळ रेघ दिसली तर कॅमेरा खाली ठेवा.

सेन्सरवरच्या धुळीसाठी लेन्सचं अपर्चर (उजेड आत सोडणारं भोक) एफ/१६ वर, म्हणजे बारीक, फोकस हाताने बिघडवलेला, समोर पांढरी भिंत किंवा आभाळ. धूसर ठिपके म्हणजे धूळ, त्याचं काही नाही. तेलकट, कडेला गोल चकाकी असलेले ठिपके पुन्हापुन्हा एकाच कोपऱ्यात दिसले तर शटरमधून तेल उडतंय. निकॉन डी६०० या एका मॉडेलमध्ये ही तक्रार एवढी झाली की कंपनीला शटर फुकट बदलून द्यावं लागलं. म्हणून आज ती विकायला आली तर ‘शटर बदललंय का?’ हा पहिला प्रश्न, आणि त्याचा कागद दाखवा हा दुसरा.

फोकस तपासायला दुकानातली मोजपट्टी पुरते. ती टेबलावर तिरकी ठेवा, कॅमेरा टेकवून मधल्या आकड्यावर फोकस करा, अपर्चर पूर्ण उघडं. डीएसएलआरवर एक फोटो व्ह्यूफाइंडरने आणि एक लाइव्ह व्ह्यूने (स्क्रीनवर बघून). दोन्हींत धारदार आकडा वेगळा आला तर फोकस पुढे-मागे सरकलाय. ५डी मार्क ३, डी७५० यांत तो मेनूतून दुरुस्त करता येतो. १५००डी, डी३५०० यांत ती सोयच नाही.

लेन्सचं गणित वेगळं. चांगली सांभाळलेली लेन्स बॉडीपेक्षा कितीतरी जास्त टिकते आणि तिचा भावही कमी घसरतो, म्हणून जुन्यात पैसा घालायचा तर इथे. मागची बाजू वर धरून मोबाइलचा टॉर्च तिरपा मारा. धुळीचे कण सुटे दिसतात. बुरशी कोळ्याच्या जाळ्यासारखी किंवा दंवाच्या फांद्यांसारखी, बहुधा काचेच्या कडेपासून आत सरकलेली. आणि सगळ्या काचेवर एकसारखा धुरकट पडदा असेल तर ती हेझ, जिने फोटोतला काळा रंग राखाडी होतो. बुरशी साठ-पासष्ट टक्क्यांवरच्या आर्द्रतेत वाढते, त्यामुळे इथल्या कोरड्या हवेत वापरलेल्या लेन्सला तिचा धोका कमी. मुंबईच्या बोरा बाजारातून किंवा सुरतेहून आणलेल्या मालात मात्र टॉर्च दोनदा मारा. आपल्याकडचं दुखणं उन्हाचं आहे. मे महिन्यात बंद गाडीत राहिलेल्या लेन्समधलं ग्रीस पातळ होतं आणि अपर्चरच्या पात्यांवर उतरतं. पात्यांवर तेलाची चमक दिसली की ती उशिरा बंद होतात आणि एफ/८ चे फोटो एकेक उजळ-काळे येतात. सलग दहा फोटो एफ/८ वर मारा; सगळे सारखे हवेत.

कॅनन २४-१०५ एफ/४ची पहिली आवृत्ती मांडवात पुष्कळ दिसते, म्हणून तिचा एक ठरलेला रोग सांगतो. अपर्चरकडे जाणारी पातळ पट्टी झूम करून करून झिजते. एफ/४ वर फोटो झकास निघतो. एफ/८ लावलं की स्क्रीनवर ‘एरर ०१’. विकणारा नेमका एफ/४ वरच दाखवतो! झूमच्या दोन्ही टोकांना एफ/८ वर फोटो काढल्याशिवाय पैसे देऊ नका.

जुन्या बाजारातला सगळ्यात चांगला माल पक्षी टिपणाऱ्यांकडे मिळतो. हिवाळ्यात हतनूर धरणाच्या फुगवट्यावर चार रविवार जायचं आणि उरलेलं वर्ष लेन्स कपाटात, असा हा वापर. निकॉन २००-५००, सिग्मा किंवा टॅमरॉन १५०-६०० अशा लेन्स पाहा. झूम खाली तोंड करून धरल्यावर आपोआप घसरतो का, ट्रायपॉडची कॉलर घट्ट बसते का, आणि शटर अर्धं दाबल्यावर स्थिरीकरणाचा बारीक घूं आवाज सुरू होऊन चित्र थांबतं का, एवढं बघा. टॅमरॉनची पहिली आवृत्ती नव्या मिररलेसवर लावायची असेल तर तुमच्याच बॉडीवर लावून बघितल्याशिवाय घेऊ नका. तिचं सॉफ्टवेअर घरी बदलता येत नाही. दुसऱ्या आवृत्तीला आणि सिग्माला त्यासाठी वेगळी डॉक (लेन्स संगणकाला जोडायचं साधन) मिळते.

जळगावच्या सराफांसाठी दागिन्यांचे फोटो काढणाऱ्यांना तर नवं काहीच लागत नाही. चाळीसगावचे केकी मूस टेबलटॉप (टेबलावर मांडलेल्या वस्तूंच्या) फोटोग्राफीसाठी नावाजले गेले. त्या कामात कॅमेरा ट्रायपॉडवर, आयएसओ १००, फोकस हाताने. निकॉनची जुनी ६० मिमी मायक्रो एएफ-डी लेन्स डी५६०० वर किंवा एफटीझेड अडॅप्टरने (जुनी लेन्स जोडणाऱ्या कडीने) निकॉनच्या झेड मिररलेस बॉडीवर ऑटोफोकस करत नाही, म्हणून स्वस्तात सुटते. अंगठीला ऑटोफोकस हवाय कुणाला?

रिफर्बिश्ड (दुरुस्त करून पुन्हा विकायला काढलेला) या शब्दाला मात्र आपल्या बाजारात ठाम अर्थ नाही. अमेरिकेत कॅनन आणि निकॉन स्वतः तपासून, स्वतःच्या वॉरंटीने असा माल विकतात. इथे दुकानदाराने रबर बदललं, बॉडी पुसली आणि नव्या डब्यात घातली तरी तो रिफर्बिश्डच म्हणतो. तीन गोष्टी लेखी घ्या: कुठले भाग बदलले, कोणी बदलले, आणि वॉरंटी कोण देतंय. शटर बदललं असेल तर काउंट शून्यावर आणलेला असू शकतो. बॉडी घासलेली आणि काउंट पाचशे, अशी जोडी दिसली की विचारा. मेनबोर्ड बदलला असेल तर फोटोच्या फाइलमधला सिरीयल नंबर आणि बॉडीवरचा नंबर जुळतीलच असं नाही. तळाचे स्क्रू पाहा. खाच चिरडलेली असेल तर कॅमेरा कुणीतरी घरी खोललाय. सहा महिन्यांची लेखी वॉरंटी असेल तर जुन्या भावापेक्षा दहा टक्के जास्त द्यायला हरकत नाही. तोंडी वॉरंटीला एक रुपयाही नको.

नवा कधी? नव्याचा आणि जुन्याचा फरक पाव भागापेक्षा कमी असेल तर नवाच. इथून मोठं दुरुस्तीचं काम बहुतेक नाशिक, पुणे, मुंबईला जातं. ऐन सिझनमध्ये बॉडी पंधरा दिवस बाहेर म्हणजे भाड्याने दुसरी आणावी लागते, तो खर्च धरा. दुसरं, जीएसटी नोंदणी असलेल्या स्टुडिओचा हिशेब वेगळा. डिजिटल कॅमेऱ्यावर १ जानेवारी २०१९ पासून १८ टक्के कर आहे, त्याआधी २८ होता. १,१८,००० च्या बिलात १८,००० कराचे. ते क्रेडिट (भरलेल्या कराची वजावट) मिळालं तर कॅमेरा लाखाला पडला. बिलाशिवाय ८५,००० ला जुना घेणाऱ्याने खरं तर पंधराच हजार वाचवले. नोंदणी नसलेल्याला हा फायदा नाही. आणि ‘इंपोर्ट पीस, डबा सील, फक्त बिल नाही’ असा माल हा नवा नव्हे, महागडा जुना समजा. भारतातली वॉरंटी त्याला मिळत नाही.

कॅनन आर६ (२०२०) व्हिडिओसाठी जुनी घेत असाल तर उन्हाळ्यात तपासा. गरम होऊन बंद पडेपर्यंतचा कंपनीचा स्वतःचा आकडाच २३ अंशांना ४के ६०पी व्हिडिओमध्ये सुमारे अर्धा तास होता. आपला मांडव ४३ चा.

बॅटरी आणि मेमरी कार्ड जुनं घेऊच नका. बॉडीबरोबर आलेली बॅटरी तपासायला निकॉनच्या मेनूत तिचं वय ० ते ४ दाखवतात, कॅननच्या वरच्या मॉडेलांत तीन हिरव्या खुणा. ३-४ किंवा एकच खूण दिसली तर नव्या बॅटरीचे पैसे भावातून कापा. फुगून खाचेत अडकणाऱ्या बॅटरीला हातही लावू नका.

चोरीचा कॅमेरा शोधायला मोबाइलसारखी सरकारी सोय नाही, आणि चोरीचा माल जाणूनबुजून घेणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. बॉडी, डबा, बिल आणि फाइल, चारही ठिकाणचा सिरीयल नंबर जुळवा. सोनीच्या अनेक बॉड्यांवर तो नुसत्या स्टिकरवर असतो, निघालेला असेल तर फाइलमधला बघा. साध्या कागदावर दोन्ही नावं, तारीख, बॉडी व लेन्सचे नंबर, रक्कम आणि ‘सात दिवसांत मूळ बिघाड निघाल्यास परत’ ही ओळ लिहून दोघांच्या सह्या घ्या, आधारची प्रत जोडा. पैसे यूपीआयने द्या, नोटमध्ये सिरीयल नंबर टाका. सही करायला कां-कूं करणाऱ्याकडून चार्जरही घेऊ नका.