रिंग फिट अॅडव्हेंचर: आठ महिने वापरून झाल्यावर (वय ४८, गुडघे कुरकुरणारे)

दिवाळीत बहिणीची मुलगी अमेरिकेहून आली तेव्हा लेकाने तिच्याकडून निन्टेंडो स्विच (जपानी कंपनीचा, टीव्हीला जोडून गेम खेळायचा कन्सोल) मागवला होता, तिने सोबत स्वतःच्या मनाने ही रिंगवाली गेम पण आणली, म्हणे मावशी ही तुझ्यासाठी. मी तोंडदेखलं छान छान म्हटलं आणि डबा कपाटावर टाकला, कारण आमच्या घरात व्यायामाच्या वस्तूंचं काय होतं ते मला माहितीये. सायकलवर टॉवेल वाळतात आणि योगा मॅटवर गेल्या उन्हाळ्यात सांडगे घातले होते.

मग नोव्हेंबरच्या शेवटी रिपोर्ट आला, एचबीएवनसी (रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी) ६.२. डॉक्टर म्हणाले ५.७ ते ६.४ म्हणजे काठावर, अजून डायबेटिस नाही पण चालायला लागा. आता चालायचं कधी? मी डोंबिवलीला राहते, सकाळी ७:५२ ची लोकल, त्याआधी दोन डबे, आणि संध्याकाळी घरी आले की पाय म्हणतात आता आम्हाला विचारू नकोस. तेव्हा नाइलाजाने तो डबा खाली काढला.

ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी. २०१९ ची गेम आहे. एक वाकणारी गोल रिंग येते, स्टिअरिंगएवढी, तिच्यात स्विचचा एक कंट्रोलर अडकवायचा, दुसरा डाव्या मांडीला पट्ट्याने बांधायचा. टीव्हीवर तुमचा गडी रस्त्याने पळतो पण पळायचं तुम्हीच, जागच्या जागी. रिंग दाबली की हवेचा झोत जातो आणि दरवाजे उघडतात, ताणली की नाणी खेचली जातात. राक्षस आडवे आले की व्यायाम करून मारायचे: हातांचे लाल, पोटाचे पिवळे, पायांचे निळे, योगाचे हिरवे, राक्षसाच्या रंगाचा व्यायाम निवडला की जास्त लागतं. त्याचा वार चुकवायला रिंग पोटाला टेकवून दाबून धरायची, आणि पहिल्याच आठवड्यात मला कळलं की बाळंतपणानंतर पोटाचे स्नायू माझ्याकडे होते हेच मी विसरले होते. मुख्य खलनायक एक बॉडीबिल्डर ड्रॅगन आहे, आमच्या गल्लीतल्या जिमबाहेर उभे असतात ना तस्सा.

शाळेत शिक्षा म्हणून उठाबशा काढल्या त्यानंतर थेट आता काढतेय. फरक इतकाच की तेव्हा मोजायच्या मी, आता मोजतं मशीन, आणि मशीन चिटिंग पकडतं, मांडीला पट्टा आहे ना, अर्धवट बसलं की मानतच नाही. (पट्टा ढिला बांधू नका, घसरून गुडघ्यावर येतो मग काही मोजत नाही, मी दोन दिवस उगाच गेमला शिव्या घातल्या.) वृक्षासन, वीरभद्रासन सगळं आहे त्यात, सासूबाई म्हणाल्या, "हे आपलंच आपल्याला जपान्यांकडून शिकायचं होय गं?" आता काय बोलणार.

फ्लॅटवाल्यांसाठी महत्त्वाचं: सायलेंट मोड आहे. आम्ही तिसऱ्या मजल्यावर, पहिल्या दिवशी मी धपाधप पळाले आणि खालच्या काकू वर आल्या, सिलिंडर पडला का विचारायला. सायलेंटमध्ये पळायच्या ऐवजी गुडघे हलके वाकवून हेलकावे द्यायचे. आवाज शून्य, पण मांड्या खरं तर जास्त भरून येतात. गुडघ्यांचा त्रास असेल तर सेटिंगमध्ये गुडघ्यासाठी असिस्ट आहे, मी पहिले दोन महिने लाज न बाळगता चालू ठेवला होता. डिफिकल्टी १ ते ३०, मी ८ वर सुरू केली, आता १५ वर आहे, लेकाने २५ लावून बघितली आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कठडा धरून उतरला, मला फार बरं वाटलं.

आता मला सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट. ही गेम थांबवते. थोडं खेळून झालं की स्वतःच विचारते आज इथे थांबायचं का, आणि मग स्ट्रेचिंग करून घेते. फोनवर त्या रंगीत गोळ्या फोडायच्या गेममध्ये मी लॉकडाऊनपासून किती तास घातलेत ते देवाला ठाऊक, तिने मला एकदाही झोपायला जा म्हटलं नाही, उलट लाइफ संपल्या तर पैसे भर म्हणाली. इथे शेवटी आकडा दाखवतात तो पण फक्त हललेल्या वेळाचा. मी टीव्हीसमोर चाळीस मिनिटं असले तरी तिथे अठरा-वीस मिनिटंच येतात, बाकी वेळ मेन्यू, गप्पा, पाणी प्यायला थांबणं. पहिल्यांदा बघितलं तेव्हा अपमानच वाटला पण हिशोब खरा आहे. गप्पा मात्र फार, गेममधली ती रिंग सतत बोलते, मी बटण दाबून दाबून पुढे नेते. मराठी-हिंदी काही नाही, इंग्लिशमध्येच लावावं लागतं.

लेकाशी भांडणं कमी झाली हा फायदा डब्यावर लिहिलेला नव्हता. पूर्वी मी "बंद कर" म्हटलं की तो पाच मिनिटं म्हणायचा आणि मी प्लग काढायचे. आता मला कळतं की लेव्हलच्या मध्ये सोडलं तर केलेली मेहनत जाते, त्यामुळे मी लेव्हल संपू देते आणि तो पण खरंच उठतो. नाहीतर आधी मला लिंका पाठवायचा, २००७ चा कुठला अमेरिकन अभ्यास, जे सर्जन आठवड्याला तीन तासांपेक्षा जास्त गेम खेळायचे त्यांच्या दुर्बिणीच्या ऑपरेशनच्या सरावात ३७ टक्के कमी चुका झाल्या आणि ते २७ टक्के फास्ट होते. मी विचारलं तू कुणाचं ऑपरेशन करणारेस, आणि हात आधीच चांगला असणारी माणसंच गेमकडे जास्त वळत असतील तर? त्यावर गप्प. फायदे आहेत, पण अकाउंट्सचा पेपर त्याने सुटत नाही.

सासूबाई ७४ च्या. त्यांना रिंग जमत नाही पण रविवारी मारिओ कार्ट खेळतात, त्यात स्मार्ट स्टिअरिंग असतं, गाडी रस्त्याबाहेर जात नाही, आणि गाडी आपोआप पळते असं पण लावता येतं. बाराव्या आल्या तरी, "अगं मी पोचले ना!" सांधेदुखीचं पुराण त्या वेळेत ऐकू येत नाही, ते गेमने गेलं असं मी म्हणणार नाही, लक्षात राहत नाही एवढंच.

माझे आकडे: वजन ७१.५ वरून ६९.८, म्हणजे ज्यांना बारीक व्हायचंय त्यांनी फार आशा धरू नका. एचबीएवनसी ५.८, पण मी चहातली साखर पण सोडलीये, त्यामुळे श्रेय कुणाचं ते तुम्हीच ठरवा. आठवड्याला चार दिवस होतात, गौरी-गणपतीत आणि पाळीच्या दिवसांत सुट्टी घेणार, घेतेच. लिफ्ट बंद होती त्या आठवड्यात भाजीच्या पिशव्या घेऊन तिसरा मजला एका दमात चढले, मधल्या मजल्यावर मोबाइल बघायचं नाटक न करता.

अजून एक मोड आहे, कन्सोल बंद असताना नुसती रिंग दाबत बसायची, ती मोजून ठेवते आणि नंतर गेममध्ये जमा करते. मी सिरियल बघताना करायचे. परवा ऑफिसातून येऊन लावली तर १८० दाब जमा. मी दिवसभर बाहेर, लेक कॉलेजात. सासूबाईंना विचारलं तर म्हणाल्या, मी कशाला हात लावतेय तुझ्या त्या टायरला.