दुसऱ्या देशाचे युद्धकैदी मित्रदेशांनी वसवावेत का? ग्वांटानामोतून सुटलेल्यांचे चार देशांतले अनुभव

११ जून २००९ च्या पहाटे बर्म्युडाच्या विमानतळावर एक विमान उतरलं आणि त्यातून चार उइघुर, म्हणजे चीनच्या शिनजियांग भागातल्या मुस्लिम समाजातली माणसं बाहेर आली. सात वर्षं ती क्युबातल्या ग्वांटानामो बे इथे अमेरिकेच्या कैदेत होती. त्यांच्यावर कधी खटला चालला नाही. ही शत्रूची माणसं नाहीत, हे अमेरिकी सरकारने २००८ मध्येच कोर्टात मान्य केलं होतं. पण चीनला परत पाठवलं तर तिथे छळ होणार हे उघड होतं आणि अमेरिकेत उतरवून घ्यायला अमेरिका तयार नव्हती. म्हणून बर्म्युडा. पुढे हे चौघं तिथल्या पोर्ट रॉयल गोल्फ मैदानावर हिरवळ राखायच्या कामाला लागले.

आपल्या मित्रदेशाने युद्धात पकडलेली माणसं, ज्यांना त्याला स्वतःकडे ठेवायचं नाही आणि त्यांच्या मायदेशी पाठवता येत नाही, ती आपण घ्यावीत का? हा प्रश्न गेल्या वीस वर्षांत अनेक देशांपुढे आला. कोणी हो म्हटलं, कोणी नाही, आणि जे हो म्हणाले त्यांच्या 'हो'चेही अर्थ फार वेगवेगळे निघाले. ज्याला या बाबतीत मत ठरवायचं आहे त्याच्यासाठी हे अनुभव शेजारी शेजारी ठेवून बघतो. माझं मत आधीच सांगतो: घ्यावं, पण माणसाला कायमचे कागद देण्याची तयारी असेल तरच घ्यावं. ती नसेल तर नकार देणं जास्त प्रामाणिक आहे.

आधी नकाराची बाजू, कारण ती खरोखर वजनदार आहे. ज्याने पकडलं त्यानेच निस्तरावं, हा साधा न्याय आहे. ऑक्टोबर २००८ मध्ये अमेरिकी न्यायाधीश रिकार्डो उर्बिना यांनी उरलेल्या १७ उइघुरांना अमेरिकेतच सोडा असा आदेश दिला होता. वरच्या कोर्टाने तो फेब्रुवारी २००९ मध्ये फिरवला. बराक ओबामांनी सत्तेवर येताच वर्षभरात ग्वांटानामोचा तुरुंग बंद करण्याचा आदेश काढला, तर मे महिन्यात सिनेटने ९० विरुद्ध ६ मतांनी त्यासाठीचा पैसा अडवला. म्हणजे स्वतःच्या अंगणात एकालाही जागा द्यायची नाही, आणि त्याच सुमारास परराष्ट्र खात्याचे दूत डॅनियल फ्राइड देशोदेशी फिरून "तुम्ही दोघं घ्या, तुम्ही चौघं घ्या" अशी विनवणी करताहेत. जर्मनीत, पोर्तुगालमध्ये, आयर्लंडमध्ये लोकांनी विचारलं की ही माणसं इतकी निरुपद्रवी असतील तर अमेरिकेतल्याच व्हर्जिनियात का नकोत? या प्रश्नाला आजही चांगलं उत्तर नाही.

तरी मी नकाराच्या बाजूला उभा राहत नाही. नकार दिल्याने अमेरिकेला धडा मिळत नाही. नकाराची किंमत कोठडीतला माणूस मोजतो. २००२ पासून ग्वांटानामोत सुमारे ७८० जणांना डांबलं गेलं. त्यातल्या बऱ्याच जणांना पाकिस्तानी आणि अफगाण लोकांनी इनामाच्या पैशासाठी पकडून दिलं होतं. तत्त्वाची लढाई लढायची तर ती अशा माणसाच्या आयुष्याची वर्षं खर्चून लढू नये.

सुरक्षेचं काय? अमेरिकेच्या गुप्तचर संचालकांच्या कार्यालयाची मोजणी अशी की जानेवारी २००९ च्या आधी सोडलेल्यांपैकी साधारण पाचातला एक पुन्हा हिंसक कारवायांकडे वळला आणि त्यानंतर सोडलेल्यांत हे प्रमाण ५ टक्क्यांच्या आसपास राहिलं. मधल्या काळात एक गोष्ट बदलली. २००९ मध्ये सहा खात्यांनी एकत्र बसून २४० जणांच्या फायली नव्याने तपासल्या आणि सगळ्यांचं एकमत झालं तरच नाव सुटकेच्या यादीत घातलं. धोका शून्य नाही. पण "हे सगळे दहशतवादी" असं म्हणणाऱ्याने तपासणीनंतरचा आकडा पाहावा.

आता खरी तुलना. बर्म्युडा आणि पलाऊ ही जोडी तर जणू यासाठीच समोर आली आहे. दोन्ही छोटी बेटं, बर्म्युडा अटलांटिकमध्ये तर पलाऊ पॅसिफिकमध्ये. दोघांनीही २००९ मध्येच उइघुर घेतले, बर्म्युडाने जूनमध्ये चार आणि पलाऊने नोव्हेंबरच्या सुरुवातीला सहा. दोन्ही ठिकाणी ना उइघुर वस्ती, ना मशिदींची गजबज, ना भाषा जाणणारं कोणी.

बर्म्युडात सुरुवात वाईट झाली. पंतप्रधान यूअर्ट ब्राउन यांनी हा निर्णय जवळजवळ एकट्याने घेतला. बर्म्युडा ब्रिटनच्या अखत्यारीतला प्रदेश आहे, त्याचं परराष्ट्र धोरण आणि सुरक्षा लंडनच्या हातात असते, आणि लंडनला विचारलंच नव्हतं. ब्रिटन चिडलं, बेटावर मोर्चे निघाले, ब्राउन यांच्यावर अविश्वास ठराव आला. तो पडला, पण या भांडणाचा भुर्दंड त्या चौघांवर बसला. लंडनची संमती नाही म्हणून पासपोर्ट नाही, आणि पासपोर्ट नाही म्हणून बेटाबाहेर जाता येत नाही. चौघांनी तिथे कामं धरली, लग्नं केली, मुलं झाली. सगळं झालं, तरी नऊ वर्षं ती माणसं काही मैल लांबीच्या बेटावर अडकलेली होती. २०१८ मध्ये अखेर त्यांना नागरिकत्व मिळालं.

पलाऊमध्ये उलट घडलं. अध्यक्ष जॉन्सन टोरिबियॉंग यांनी पाहुणचार मोकळेपणाने देऊ केला. पलाऊची राजनैतिक मान्यता तैवानला असल्याने चीनच्या दबावाचंही फारसं भय नव्हतं. सुरुवात गोड झाली. पण करारच तात्पुरत्या मुक्कामाचा होता आणि पलाऊच्या राज्यघटनेप्रमाणे आईबापांपैकी एक तरी पलाऊचा असल्याशिवाय नागरिकत्व मिळत नाही. ही अट कोणी लपवली नव्हती. फक्त पुढचा देश कुठला, हे कोणी ठरवलं नव्हतं. वर्ष गेलं, दोन गेली, तिसरा देश काही सापडेना. २०१५ पर्यंत सहाही जण गुपचूप बेट सोडून गेले. कुठे गेले, हे पलाऊने जाहीर केलं नाही.

दोन्ही शेजारी ठेवून बघा. एका ठिकाणी स्वागत रागाचं, पण दार शेवटी उघडलं. दुसऱ्या ठिकाणी स्वागत प्रेमाचं, पण दाराला आतून कडीच नव्हती, माणूस राहणार कसा? मला तरी यातून एवढंच दिसतं की यजमानाच्या मनापेक्षा त्याच्या नागरिकत्वाच्या कायद्यात काय लिहिलंय हे आधी वाचायला हवं.

उरुग्वेची गोष्ट मला सगळ्यात जास्त लागते. तिथले अध्यक्ष होसे मुहिका स्वतः लष्करी राजवटीत तेरा वर्षांच्या आसपास तुरुंगात होते, त्यातला बराच काळ एकांतात. डिसेंबर २०१४ मध्ये त्यांनी सहा जणांना घेतलं: चार सीरियन, एक ट्युनिशियन, एक पॅलेस्टिनी. त्यांना कैदी म्हणून नव्हे, निर्वासित म्हणून घेतलं आणि पहिल्या दिवसापासून सांगितलं की तुम्ही मोकळे आहात, जायचं तर जा. कामगार संघटनेने राहायला घर दिलं, सरकारने महिन्याचा भत्ता सुरू केला. हेतूत खोट काढायला जागा नाही.

आणि तरी एप्रिल २०१५ मध्ये त्यातले काही जण माँटेव्हिडिओतल्या अमेरिकी वकिलातीबाहेर पथाऱ्या टाकून बसले. आमचं आयुष्य ज्यांनी घेतलं त्यांनी भरपाई द्यावी, असं त्यांचं म्हणणं होतं. उरुग्वेच्या लोकांना हे कृतघ्नपणाचं वाटलं. मला वाटत नाही. बारा-तेरा वर्षं कोठडीत काढलेल्या, स्पॅनिशचा एक शब्द न येणाऱ्या, घरची माणसं युद्धात अडकलेल्या माणसाला भत्ता आणि भाषेचे वर्ग दिले की तो सहा महिन्यांत कामावर रुजू होईल, ही अपेक्षाच चुकीची होती. त्यातला एक जण पुढे २०१६ मध्ये गायब झाला आणि व्हेनेझुएलात सापडला. बायकोमुलांकडे जायचं हा त्याचा एकच हट्ट होता आणि त्यासाठी त्याने जीव धोक्यात येईपर्यंत उपोषण केलं. उरुग्वेने स्वातंत्र्य दिलं, पण कुटुंब एकत्र आणण्याची सोय वेळेत झाली नाही. करार करताना या बाबीला शेवटचं कलम मानतात. ते पहिलं असायला हवं.

संयुक्त अरब अमिरातीत नेमकं उलट. बहुतेकांची भाषा तीच, धर्म तोच, पैशाला तोटा नाही. कागदावर याहून योग्य यजमान सापडला नसता. २०१५ ते २०१७ दरम्यान २३ जणांना तिकडे पाठवलं गेलं, बहुतेक येमेनी, त्यातले १५ तर ऑगस्ट २०१६ मध्ये एकाच वेळी. त्यांना सांगितलं होतं की थोडे दिवस पुनर्वसन केंद्रात राहाल, मग समाजात मोकळे व्हाल. प्रत्यक्षात त्यांना वर्षानुवर्षं बंदिस्त ठेवलं गेलं. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार तज्ज्ञांनी जाहीर निषेध नोंदवला. शेवटी येमेनी लोकांना २०२१ मध्ये येमेनलाच रवाना केलं, ज्या देशात युद्ध चालू आहे म्हणूनच त्यांना आधी तिकडे पाठवलं नव्हतं! एका तुरुंगातून दुसऱ्या तुरुंगात नेण्याला पुनर्वसन म्हणणं मला मान्य नाही.

बाकीच्यांचं थोडक्यात. अल्बानियाने २००६ मध्येच पाच उइघुर घेतले, चीनने त्यांना मागितलं तरी दिलं नाही. त्यातला एक तिरानात पिझ्झा करायला शिकला आणि त्यावर पोट भरू लागला. एवढ्या गरीब देशाने दाखवलेलं ते धाडस मोठ्या युरोपीय देशांना लाजवणारं होतं. स्लोव्हाकियाने २०१० मध्ये तिघांना आणून बंद केंद्रात ठेवलं, तिथे त्यांनी उपोषण केलं. सेनेगलने २०१६ मध्ये दोन लिबियनांना घेतलं आणि दोनच वर्षांत लिबियाला पाठवलं, त्यातला एक जायला तयार नव्हता. घानाने दोन येमेनींना संसदेला न विचारता घेतलं. २०१७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो करार घटनाबाह्य ठरवला आणि संसदेला नंतर मंजुरी द्यावी लागली. जर्मनीने फक्त दोघांना घेतलं. म्युनिकमध्ये युरोपातली मोठी उइघुर वस्ती आहे, आणि तिथल्या नगरपरिषदेने २००९ मध्ये सतराही जणांना घ्यायची तयारी दाखवली होती. बर्लिनने ती संधी घालवली. समाज तयार, शहर तयार, आणि माणसं मात्र पॅसिफिकमधल्या बेटावर.

म्युनिकचा विचार करताना मला वळिवडे आठवतं. कोल्हापूरजवळच्या या गावात १९४३ ते १९४८ दरम्यान सुमारे पाच हजार पोलिश लोक राहिले, बहुतेक बायका आणि मुलं. तीही दुसऱ्या देशाने युद्धकाळात डांबलेलीच माणसं होती. सोव्हिएत सत्तेने त्यांना सायबेरियात आणि मध्य आशियात नेऊन टाकलं होतं, १९४१ च्या करारानंतर सोडलं, आणि इराणमार्गे ती इथे आली. मुक्काम तात्पुरताच होता, पलाऊसारखा. पण तिथे शाळा त्यांच्या भाषेत होती, चर्च त्यांचं होतं, खर्च लंडनमधलं निर्वासित पोलिश सरकार करत होतं आणि आई, मुलं, शेजारीण सगळी एका बराकीच्या ओळीत होती. त्यांच्यावर कोणी संशयाचा शिक्का मारला नव्हता हा फरक मोठा आहे, तो मी लपवत नाही. पण आज उतारवयातली ती मुलं कोल्हापूरला येतात आणि त्या जागेवर उभी राहून रडतात. पलाऊला परत जाऊन कोणी असं रडेल असं वाटत नाही.

मग ठरवताना काय बघायचं? मी असा करार हातात आला तर चार गोष्टी विचारेन. आपल्या कायद्यात या माणसाला नागरिकत्व मिळू शकतं का, आणि किती वर्षांत? बायकोमुलांना आणायचं कलम आहे का? करार संसदेपुढे आला आहे का, की दोन मंत्र्यांच्या सह्यांचं गुपित आहे? आणि माणसाला स्वतःला विचारलं आहे का? हे शेवटचं मुद्दाम लिहितो, कारण या सगळ्या व्यवहारात हमी देणारं सरकार असतं, घेणारं सरकार असतं, आणि ज्याचं आयुष्य आहे तो करारात पक्षच नसतो. हमी मोडली तर त्याने जायचं कुठे? ट्रम्प सरकारने पहिल्या कारकिर्दीत या माणसांवर लक्ष ठेवणारं परराष्ट्र खात्यातलं कार्यालयच गुंडाळलं, तेव्हा सेनेगल आणि अमिरातीतल्या लोकांना फोन करायलाही कोणी उरलं नाही.

पैशाचा मुद्दा मी मागे ठेवला, कारण तो सर्वांत सोपा आहे. ग्वांटानामोत एका कैद्यामागे वर्षाला १ कोटी डॉलरहून जास्त खर्च येतो असं २०१९ मध्ये अमेरिकी वृत्तपत्रांनी मांडलं होतं. त्याच्या अगदी थोड्या भागात एक कुटुंब कुठेही नीट उभं राहू शकतं. तेव्हा घेणाऱ्या देशाने खर्च अमेरिकेकडून लेखी, अनेक वर्षांसाठी मागावा. यात संकोच करण्यासारखं काही नाही.

जानेवारी २०२५ मध्ये ग्वांटानामोत १५ जण उरले होते. त्यातल्या तिघांवर कसलाही आरोप नव्हता, त्यांना सोडायला अमेरिकेची हरकत नव्हती, फक्त घेणारा देश हवा होता. त्या तिघांत एक लिबियाचा होता, एक सोमालियाचा. तिसरा रोहिंग्या होता, कुठल्याच देशाचा नागरिक नसलेला.