कॅनकून की प्वेर्तो वायार्ता? मेक्सिकोच्या किनाऱ्यावर बाहेर जेवायचे असेल तर

मेक्सिकोच्या समुद्रकिनाऱ्यावर सुट्टी घालवायचे ठरले की अमेरिकेतल्या मराठी कुटुंबांच्या तोंडी बहुधा पहिले नाव कॅनकूनचे येते आणि थोड्या शोधाशोधीनंतर दुसरे प्वेर्तो वायार्ताचे. पाण्याचा रंग, वाळू आणि विमानभाडे यांवरून दोन्हींची तुलना पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळते. हा आढावा मात्र एकाच प्रश्नापुरता आहे : ज्यांना हॉटेलच्या बुफेपेक्षा गावातल्या खाणावळीत आणि रस्त्यावरच्या गाडीवर जेवायचे आहे, त्यांनी या दोहोंपैकी कोणते ठिकाण निवडावे? माझा कल वायार्ताकडे आहे. परंतु घरात कडक शाकाहारी माणसे असतील, तर तो बराच सैल होतो.

मुख्य फरक पदार्थांपेक्षाही गावांच्या जडणघडणीत आहे. कॅनकून हे सरकारी योजनेतून वसवलेले शहर आहे. १९७० च्या दशकात समुद्र आणि खारकच्छ यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीवर हॉटेले उभी राहिली आणि त्यांत काम करणाऱ्यांसाठी आतल्या बाजूला वेगळे गाव आखले गेले. वीस किलोमीटरहून लांब असलेल्या त्या हॉटेलपट्टीवर आजही चांगला टाको (मक्याच्या पोळीत गुंडाळलेले मांस किंवा भाजी) मिळायला कष्ट पडतात, कारण टाको करणारे आणि रोज खाणारे लोक राहतात ‘सेंत्रो’मध्ये, म्हणजे मूळ शहरात. वायार्ताचे तसे नाही. पॅसिफिकच्या बांदेरास उपसागरावर एकोणिसाव्या शतकात वसलेल्या या गावात पर्यटक मागाहून आले. त्यामुळे क्वाले नदीच्या दक्षिणेला ‘सोना रोमान्तिका’ भागात खोली घेतली, तर बीच, चर्च, बाजार, टॉर्टिया (मक्याच्या पातळ पोळ्या) भाजण्याची गिरणी आणि संध्याकाळी लागणाऱ्या गाड्या हे सगळे पायी फिरण्याच्या अंतरात येते.

राहण्याच्या खर्चाचा हिशेबही याच गोष्टीला जोडलेला आहे. कॅनकूनमधील बहुसंख्य रिसॉर्ट तीनही वेळचे जेवण धरूनच पैसे घेतात. एकदा ते भरले की बाहेरचा प्रत्येक घास दुप्पट महाग वाटू लागतो, टॅक्सीचे भाडे वेगळे पडते, आणि दुसऱ्या दिवसापासून माणूस मुकाट्याने बुफेच्या रांगेत उभा राहतो. बाहेर जेवण्याची खरोखर हौस असेल, तर कॅनकूनला जाऊनही सेंत्रोत साधे हॉटेल घ्यावे आणि समुद्रावर बसने जावे, असे मी सुचवेन. वायार्तातही असे रिसॉर्ट आहेत, विशेषतः उत्तरेकडच्या नुएवो वायार्तात, ज्याला आता नुएवो नायारित म्हणतात. तो भाग गावापासून दूर आणि वेगळ्या राज्यात आहे, तेव्हा केवळ ‘वायार्ता’ हे नाव वाचून पैसे भरण्याआधी नकाशा पाहिलेला बरा.

आता ताटाकडे वळू. कॅनकूनचे स्थानिक जेवण युकातान द्वीपकल्पाचे, म्हणजे मुळात माया लोकांचे आहे. आचिओतेच्या लाल बिया आणि आंबट संत्र्याचा रस चोळून, केळीच्या पानात गुंडाळून, जमिनीतल्या खड्ड्यात शिजवलेले डुकराचे मांस म्हणजे ‘कोचिनिता पिबिल’. ते खाण्याची खरी वेळ सकाळची. काळ्या घेवड्याचे सारण भरून तळलेला ‘पानुचो’, लिंबाच्या सुवासाचे ‘सोपा दे लिमा’ हे कोंबडीचे सूप आणि इस्ला मुहेरेस बेटावर मिळणारा, आचिओते लावून भाजलेला ‘तिकिन शिक’ मासा ही इथली इतर खास ओळख. स्वयंपाक फारसा तिखट नसतो. तिखटाचा जो काही जोर असतो तो शेजारच्या वाटीतल्या हाबानेरो मिरचीत असतो. ठेचा खाऊन वाढलेल्यांनीसुद्धा पहिल्यांदा ती चमच्याच्या टोकाएवढीच घ्यावी.

वायार्ताची जेवणाची भाषा निराळी आहे. एका बाजूला वायार्ता ज्यात येते त्या हालिस्को राज्याचे मांसाहारी पदार्थ आणि दुसऱ्या बाजूला पॅसिफिकची मासळी. बोकडाचे किंवा गोमांसाचे, सुक्या मिरच्यांच्या रश्शात मंद शिजवलेले ‘बिर्रिया’ इथे सकाळी खाल्ले जाते. जे गोमांस खात नाहीत त्यांनी ‘दे चिवो’, म्हणजे बोकडाचे, असे स्पष्ट सांगून मागवावे. मासा पाठीतून उघडून, मिरचीचे वाटण लावून, जाळीत धरून निखाऱ्यावर भाजतात त्याला ‘सारान्देआदो’ म्हणतात. कोकणी जिभेला मेक्सिकोतला हा पदार्थ सर्वांत लवकर आपलासा वाटेल. लोस मुएर्तोस बीचवर काठीला टोचून भाजलेले मासे आणि कोळंबीही विकायला येतात. रात्री उभ्या सळईवर फिरणाऱ्या ‘अल पास्तोर’चा, म्हणजे मसाल्यात मुरवलेल्या डुकराच्या मांसाचा, कारागीर त्याचे पातळ काप थेट टॉर्टियावर पाडतो आणि सुरीच्या एका फटक्याने वरच्या अननसाची चकती उडवून त्याच टाकोत झेलतो. प्लास्टिकच्या ताटलीला आधीच पातळ पिशवी चढवलेली असते; ग्राहकाचे खाऊन झाले की पिशवी बदलायची, ताटली धुण्याची भानगड नाही.

वायार्ताच्या बाजूने आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. तिथल्या मालेकोनवर, म्हणजे समुद्रालगतच्या फिरण्याच्या रस्त्यावर, मोठ्या भोपळ्यातून ‘तुबा’ ओतून देणारे विक्रेते दिसतात. हा माडाचा ताजा रस, म्हणजे आपल्याकडच्या नीरेचाच भाऊबंद, सफरचंदाचे तुकडे आणि दाणे घालून देतात. मनिलाहून येणाऱ्या स्पॅनिश गलबतांबरोबर फिलिपिनो खलाशांनी माड छेदण्याची ही विद्या मेक्सिकोच्या पश्चिम किनाऱ्यावर नेली. कॅरिबियन बाजूच्या कॅनकूनला हा वारसा नाही.

शाकाहाराच्या बाबतीत दोन्हीकडे एकच सावधगिरी लागते. घेवड्याच्या उसळीत बहुधा डुकराची चरबी असते, तांबूस भात कोंबडीच्या पाण्यात शिजवलेला असू शकतो आणि चीज-मिरचीच्या तामालच्या (मक्याच्या पिठाच्या, पानात वाफवलेल्या वडीच्या) पिठातही चरबी मळलेली असते. ‘सिन कार्ने’ म्हटल्याने एवढे सगळे टळत नाही. ‘सिन मान्तेका’ (चरबी नको) आणि ‘सिन काल्दो दे पोयो’ (कोंबडीचे पाणी नको) असे वेगळे सांगावे लागते. मात्र ही अडचण पार करण्याची सोय युकातानमध्ये अधिक आहे. भाजलेल्या भोपळ्याच्या बिया, टोमॅटो आणि कोथिंबीर यांची ‘सिकिल पाक’ ही चटणी पूर्ण शाकाहारी असते, ‘चाया’च्या पानांचे सरबत सर्वत्र मिळते आणि अंडे चालत असेल तर भोपळ्याच्या बियांच्या सारात भिजवलेल्या, उकडलेले अंडे भरलेल्या टॉर्टियांचे ‘पापाद्सुलेस’ हे पोटभरीचे जेवण होते. वायार्तात शाकाहारी माणसाला बहुतेक वेळा चीज घातलेली केसादिया, ‘नोपाल’ निवडुंगाचे टाको आणि मक्याचे दाणे यांवर भागवावे लागते, अर्थात परदेशी रहिवाशांसाठी निघालेली शाकाहारी उपाहारगृहे तिथेही आहेत. लाल अंबाडीच्या बोंडांचे ‘हामाइका’ हे पेय दोन्हीकडे हमखास मिळते.

पोट बिघडण्याच्या भीतीपोटी अनेक जण गाडीकडे फिरकत नाहीत, पण गर्दीच्या गाडीवर तव्यावरून थेट हातात येणारा टाको हा रिसॉर्टमधल्या तासभर उघड्या राहिलेल्या कोशिंबिरीपेक्षा मला अधिक विश्वासाचा वाटतो. नळाचे पाणी पिऊ नये, पैसे घेणारा हात आणि अन्नाला लागणारा हात वेगळे आहेत का ते पाहावे आणि कच्च्या मासळीचे ‘सेविचे’ दुपारीच खावे. मासळीच्या खाणावळी संध्याकाळ होण्याआधी बंद होतात, तर टाकोच्या गाड्या अंधार पडल्यावर रंगात येतात. हे घड्याळ न कळल्यामुळे पुष्कळ पर्यटक भलत्या वेळी भलत्या दारात उभे राहतात. पेसोसाठीही ‘$’ हेच चिन्ह वापरतात, हे ठाऊक नसेल तर फलकावरचे आकडे पाहून उगाच धडकी भरते. बिल मागितल्याशिवाय येत नाही, आणि दहा ते पंधरा टक्के टिप ठेवण्याची रीत आहे.

ऋतूचा परिणाम जेवणावर कमी, पण बाहेर बसण्यावर बराच होतो. कॅरिबियन किनाऱ्यावर साधारण एप्रिलपासून उन्हाळाभर सारगासम शेवाळाचे ढीग येऊन त्यांचा कुजका वास सुटतो. वायार्तात तो त्रास नाही, पण जून ते ऑक्टोबर पावसाचे असतात आणि जोराची सर आली की गाड्या आवरल्या जातात. डिसेंबर ते मार्च दोन्हीकडे उत्तम.

आजी-आजोबा आणि लहान मुले बरोबर असल्यामुळे ज्यांनी कॅनकूनचे रिसॉर्ट आधीच पक्के केले आहे, त्यांनी ते रद्द करण्याची गरज नाही. एखाद्या संध्याकाळी रिसॉर्टचे जेवण सोडून आर-१ मार्गाची बस पकडावी, तुलुम रस्त्यावर उतरावे आणि काही मिनिटे चालत पार्के दे लास पालापास या चौकात पोचावे. तिथे लोखंडी साच्यात पातळ पापुद्रा भाजून, गरम असतानाच त्याची सुरळी करून, आत किसलेले खारट डच चीज आणि गोड आटवलेले दूध भरलेली ‘मार्केसिता’ मिळते. मुलांना ती आवडते, चघळायला अवघड नसल्याने आजोबांनाही चालते. अंडे न खाणाऱ्यांनी तेवढे पिठाचे विचारून घ्यावे.