चापडगावला गाईड घ्या, स्कोप मात्र तपासून घ्या

मागच्या डिसेंबरात मी, नवरा आणि आठवीतला भाचा नांदूरमधमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात गेलो. नाशिकहून पहाटे निघालो तर सातच्या आत चापडगावला पोचता येतं. गावातलाच एक तरुण गाईड ठरवला.

आधी तक्रार. भाड्याच्या स्कोपच्या (तिवईवरच्या मोठ्या दुर्बिणीच्या) भिंगावर बुरशी होती. आम्हाला वाटलं धुकं आहे. नऊला लख्ख ऊन पडलं तरी थापटे बदक आणि चमचे पक्षी दुधात बुडवल्यासारखेच दिसत होते. एक तारा तिथेच कापला. गाईडनं मग गळ्यातली स्वतःची दुर्बीण काढून दिली. तिच्यातून जांभळी पाणकोंबडी आणि कपाळाला पांढरा टिळा लावलेले वारकरी पक्षी मनसोक्त पाहिले. पक्ष्यांची माहिती त्याला तोंडपाठ आहे, त्यात खोट काढायला जागा नाही.

पण मला लिहायचंय ते बुडबुड्यांबद्दल. काठाशी बुडबुडे दिसले म्हणून भाच्यानं विचारलं, "मासा आहे का?" गाईडनं हातातली काठी पायवाटेजवळच्या चिखलात खुपसून फिरवली. गुळगुळ करत बुडबुड्यांची रांगच वर आली. "मासा कसला! आमच्या घरी गोबरगॅस होता, त्याच्या टाकीत अस्संच व्हायचं." मी बारावीला रसायनशास्त्र शिकवते. गोबरगॅसमध्ये आणि या बुडबुड्यांत असतो तो मिथेन इतका सोपा करून मी आजवर एकदाही सांगितलेला नाही. (वास येतो तो मिथेनचा नव्हे हं, हायड्रोजन सल्फाइडचा. मिथेनला वास नसतो.)

मग मलाही राहवेना. इंग्रजांच्या काळातल्या या बंधाऱ्यामागे गोदावरी-कादवेचा गाळ शंभरावर वर्षं साठतोय. त्यात पाला, शेवाळ, मेलेली मुळं. चिखलात हवा नाही, म्हणून ते धड कुजत नाही आणि त्यातला कार्बन तिथेच अडकून राहतो. पण त्याच बिनहवेच्या चिखलात मिथेन करणारे सूक्ष्मजीवही सुखात असतात. शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेन तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या साधारण २८ पट वातावरण तापवतो. चिखलाच्या वरच्या पातळ थरात थोडी हवा असते, तिथले दुसरे जिवाणू बराचसा मिथेन खाऊन टाकतात. बुडबुडा मात्र त्यांच्या तावडीतून सुटतो. पाणकणसाचे (काठच्या लव्हाळ्यासारख्या उंच वनस्पतीचे) पोकळ दांडे तर चक्क धुराडी: हवा खाली नेतात, मिथेन वर सोडतात. गाईडला पाणकणीस ठाऊक होतं ते पाणकोंबडीच्या घरट्यामुळे.

"मग हे तळं चांगलं की वाईट?" भाच्यानं विचारलं. एका वाक्यात उत्तर देता येईना. वरून सांडपाणी आणि बागांमधलं खत आलं की जलपर्णी माजते, कुजते, मिथेन वाढतो. कालव्यांना पाणी सोडल्यावर पातळी उतरली की चिखल उघडा पडतो, त्याला हवा लागते आणि साठलेल्या कार्बनचा कार्बन डायऑक्साइड होऊन तो उडू लागतो. रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, आलेलं हे महाराष्ट्रातलं पहिलं ठिकाण, पण येणारा प्रत्येक जण वरच बघत असतो, आम्ही धरून.

गाईड म्हणाला, "ताई, उन्हाळ्यात या, तेव्हा काठी न लावताच बुडबुडे येतात. पण पक्षी नसतात, मग कोण येणार?" मे महिन्यातला एक रविवार त्याला सांगून ठेवलाय. स्कोप नको, हेही सांगितलंय.